कमी अंतराच्या दैनंदिन प्रवासासाठी सायकलची सज्जता

घर आणि कामाचे ठिकाण, शाळा, बाजार किंवा रेल्वे स्थानक यांमधील साधारण २ ते ८ किलोमीटरचे अंतर रोज कापण्यासाठी सायकलीत करावयाची जुळणी आणि तिला जोडावयाची साधने यांना एकत्रितपणे सायकलची सज्जता म्हणता येईल. शर्यतीच्या सायकलीत कमी वजन आणि वेग यांना महत्त्व असते. दैनंदिन वापराच्या सायकलीत मात्र ती इतर वाहनचालकांना दिसणे, वेळेवर थांबणे, ओझे वाहणे आणि सर्व ऋतूंत टिकणे या गुणांना प्राधान्य असते.

वरठी येथील परिस्थिती

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव या प्रकारच्या प्रवासाचे चांगले उदाहरण आहे. हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील भंडारा रोड हे रेल्वे स्थानक येथेच असून भंडारा शहर तेथून सुमारे १० ते १२ किलोमीटरवर आहे. सनफ्लॅग आयर्न अँड स्टील कंपनीचा पोलाद कारखानाही वरठी येथे आहे. पोलाद कारखान्याचे काम पाळ्यांमध्ये चालत असल्याने कामगारांचे येणे-जाणे पहाटे आणि रात्रीही होते. गाव रेल्वे स्थानकाचे आणि कारखान्याचे असल्यामुळे सायकलस्वाराला मालमोटारींच्या सोबतीने रस्ता वापरावा लागतो. प्रदेश वैनगंगेच्या खोऱ्यातील व बव्हंशी सपाट आहे. त्यामुळे येथे सायकलीला अनेक गिअर नसले तरी चालते. दिवे आणि ब्रेक मात्र उत्तम असावे लागतात.

शालेय विद्यार्थी हा सायकल वापरणारा दुसरा मोठा वर्ग होय. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत निवडक तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळण्याची तरतूद आहे.

सायकलची निवड

दोन समान चाके आणि साखळीने फिरणारे मागील चाक ही आजच्या सायकलची रचना जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये तयार केलेल्या ‘रोव्हर’ सायकलीमुळे रूढ झाली. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतल्यानंतर ती खडबडीत रस्त्यांवरही सुखावह ठरली. भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेली २८ इंची चाकांची काळी सायकल याच परंपरेतील आहे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि चेनकव्हर ही तिची अंगभूत साधने असल्याने रोजच्या प्रवासासाठी ती आजही उपयुक्त ठरते. नव्या धाटणीच्या अनेक सायकलींत ही साधने नसतात. ती वेगळी बसवून घ्यावी लागतात.

पुढील चक्राला ४४ आणि मागील चक्राला १८ दाते असल्यास पॅडलच्या एका फेरीत मागील चाक सुमारे २.४ वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल जवळजवळ ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ५० फेऱ्या या संथ गतीनेही ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग मिळतो. म्हणजे ५ किलोमीटरचे अंतर साधारण २० मिनिटांत पार होते.

बैठकीची उंची

सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, अशी सीटची उंची ठेवतात. चालवताना पॅडलवर तळव्याचा पुढील भाग असतो, त्यामुळे गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असल्यास गुडघ्यांवर ताण येतो. फार वर असल्यास कंबर डावी-उजवीकडे हलते. नवशिक्या व्यक्तीने सुरुवातीला सीट थोडी खाली ठेवावी, म्हणजे गर्दीत पाय जमिनीवर टेकवता येतो. वाढत्या वयाच्या मुलांची सीट दर काही महिन्यांनी तपासावी लागते.

टायर आणि ब्रेक

हवेच्या दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. स्वार आणि कॅरिअरवरील सामान यांचा अधिक भार मागील चाकावर येत असल्याने त्यात पुढील चाकापेक्षा थोडी जास्त हवा ठेवतात. हवा कमी असल्यास सायकल जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून फुटू शकते.

ताशी १६ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ४.४ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबण्याचा निर्णय होईपर्यंतच एवढे अंतर संपते. लोखंडी रिम ओली झाल्यावर ब्रेकचे रबर घसरते आणि थांबण्याचे अंतर आणखी वाढते. त्यामुळे पावसात वेग कमी ठेवून ब्रेक आधीपासून हलके दाबतात. रिमला तेल लागू देत नाहीत. ओले रूळ ओलांडताना चाक रुळांना काटकोनात नेतात, अन्यथा ते घसरण्याची किंवा फटीत अडकण्याची शक्यता असते.

दिवे आणि रिफ्लेक्टर

ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. सायकलस्वार ३० मीटरवर दिसला, तर चालकाला दोन सेकंदांहूनही कमी अवधी मिळतो. १०० मीटरवर दिसला, तर सुमारे सहा सेकंद मिळतात. म्हणून पहाटेच्या किंवा रात्रीच्या पाळीला जाणाऱ्यासाठी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा ही सर्वांत आवश्यक साधने ठरतात. टायरवर घासून चालणाऱ्या डायनॅमोला बॅटरी लागत नाही, मात्र सायकल थांबताच दिवा विझतो आणि पावसात डायनॅमोची चकती घसरते. बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे थांबल्यावरही चालू राहतात.

दिवा बंद पडला तरी रिफ्लेक्टर काम करतो. तो पुढे पांढरा, मागे लाल आणि पॅडलवर पिवळसर असतो. पॅडलचा रिफ्लेक्टर वर-खाली हलत असल्याने पुढे सायकल आहे हे दुरूनच ओळखू येते. मागील रिफ्लेक्टर पिशवीने किंवा लोंबत्या कपड्याने झाकला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. फिकट रंगाचे कपडे किंवा परावर्तक पट्टा यांचाही उपयोग होतो.

मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलींसाठी आहे. सायकलस्वारावर ती नसली, तरी डोक्याच्या संरक्षणासाठी हेल्मेट हितावह असते. ते भुवयांच्या वर सुमारे दोन बोटे येईल असे, पट्टा घट्ट करून घालतात.

सामान आणि पोशाख

डबा, दप्तर किंवा पिशवी हँडलला अडकवल्यास वळताना तोल जातो आणि पिशवी चाकात अडकू शकते. सामान कॅरिअरवर घट्ट बांधणे किंवा पुढे पक्की टोपली बसवणे सुरक्षित असते. ओढणी, साडीचा पदर आणि सलवार यांसाठी पूर्ण चेनकव्हर व मागील चाकावरील जाळी आवश्यक असते. पँटचा पायघोळ क्लिपने किंवा रबराने आवळतात.

विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यामुळे पाण्याची बाटली आणि डोके-कान झाकणारा सुती दुपट्टा हेही सज्जतेचेच भाग आहेत. पावसाळ्यात छत्री धरल्याने एक हात अडकतो. त्याऐवजी रेनकोट वापरतात.

कुलूप आणि देखभाल

मागील चाकाच्या कुलपाने चाक फिरत नाही, पण सायकल उचलून नेता येते. स्थानकासारख्या ठिकाणी दिवसभर ठेवताना साखळी-कुलपाने सांगाडा आणि चाक एखाद्या पक्क्या खांबाला बांधतात.

हवा, ब्रेक आणि दिवे निघण्यापूर्वी रोज तपासावेत. साखळीला कोरड्या दिवसांत महिन्यातून एक-दोनदा, तर पावसाळ्यात आठवड्याला थोडे तेल देतात आणि वरचे तेल पुसून घेतात. जादा तेलावर धूळ चिकटून दाते झिजतात. पाना, पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य जवळ असल्यास दुकाने बंद असलेल्या वेळीही प्रवास अडत नाही.