अंगणवाडीच्या बाईंना 'पगार' का नाही?

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण लहानपणी अंगणवाडीत जात होतात? मीरा-भाईंदरच्या एखाद्या चाळीत सकाळी डोकावून पाहा. छोट्याशा खोलीत चिमुरडी मुलं बडबडगीत म्हणत असतील. त्यांना शिकवणाऱ्या बाई म्हणजे अंगणवाडी सेविका आणि खाऊ वाढणाऱ्या मावशी म्हणजे मदतनीस.

'अंगणवाडी' हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? भाईंदरहून विरार गाठायचं, तिथून गाडीने डहाणूच्याही पुढे जायचं, की घोलवड स्टेशन येतं. त्याच्याजवळच बोर्डी गाव आहे. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. झाली अंगणवाडी! पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि देशभर अंगणवाड्या निघाल्या.

आता बाईंचं काम मोजू या. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं. त्यांना आहार द्यायचा. दर महिन्याला वजन करायचं. एखादं मूल अशक्त दिसलं, तर त्याच्या आईला गाठायचं. घरोघरी जायचं, लसीकरणाला बाळं जमवायची आणि हे सगळं मोबाइलवर नोंदवायचं. मावशींनी मुलांना घरून आणायचं, वाढायचं, झाडलोट करायची. दमलात ना वाचून?

एवढ्या कामाचे पैसे किती? सुरुवातीला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये मिळत, मदतनीसला ३५. महाराष्ट्रात २०२४ साली ही रक्कम वाढून सेविकेला १३,००० आणि मदतनीसला ७,५०० रुपये झाली. शिवाय थोडा प्रोत्साहन भत्ता. ७,५०० ला ३० ने भागा बरं. दिवसाला २५० रुपये! त्यात घरभाडं, किराणा, मुलांच्या वह्या कशा बसवायच्या?

आणखी एक गंमत, पण हसू न येणारी. या पैशाला 'पगार' म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. सरकारच्या लेखी या बाया स्वखुशीने समाजसेवा करणाऱ्या! शब्द मोठा गोड आहे. पण पगार असला की त्याच्यामागून कायद्याने ठरलेले हक्क येतात. मानधनामागून ते आपोआप येत नाहीत. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीसांनी संप केला. तो दीड महिन्याहून अधिक चालला. मागण्या होत्या वेतन, ग्रॅच्युइटी आणि म्हातारपणी पेन्शन. संपात खोल्यांना कुलूप होतं, म्हणजे चिमुरड्यांचा खाऊही थांबला. बायांनाही ते टोचत होतंच.

ग्रॅच्युइटी म्हणजे बरीच वर्षं काम करून निवृत्त होताना मिळणारी रक्कम. सेविका आणि मदतनीस यांचा त्यावर हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ ला सांगितलं. तो खटला गुजरातमधल्या सेविकांचा होता. पण निकालाने आपल्याकडच्या बायांनाही बळ दिलं.

या रविवारी एक काम करा. तुमच्या जवळची अंगणवाडी कुठे आहे, ते आई-बाबांना विचारा. सुट्टीत तिथे जाऊन बाईंना नमस्कार करा आणि जुनी चित्रांची पुस्तकं देऊन या. आणि हो, घरी एक प्रश्न नक्की विचारा : शाळेतल्या बाईंना पगार मिळतो, मग अंगणवाडीतल्या बाईंना मानधन का?