गळ्याची स्पर्धा, गाण्याची स्पर्धा

गाणाऱ्याला शंभरापैकी अमुक गुण न देता सुरांतच गुण द्यायचे, ही कल्पना ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली त्याला माझा दंडवत. झी मराठीच्या 'सारेगमप'मध्ये परीक्षक 'ध' द्यायचे, 'नी' द्यायचे, आणि गाणं अंगावर काटा आणणारं झालं तर थेट 'वरचा सा'. संगीताचा गंध नसलेल्या माणसालाही तो हिशेब लगेच कळायचा. २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स' पर्वात आमच्या अंबरनाथ पूर्वेला कानसई सेक्शनपासून वडवलीपर्यंत जिन्यात, भाजीवाल्याकडे, सकाळच्या लोकलच्या रांगेत एकच चौकशी असायची: काल आर्याला काय मिळालं? मुग्धाला 'नी' मिळाला का?

शेवटपर्यंत टिकली ती पाच मुलं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि सगळ्यांत धाकटी मुग्धा वैशंपायन. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, सूत्रसंचालनाला पल्लवी जोशी. फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरी झाली आणि कार्तिकी जिंकली. एवढं बहुतेकांना आठवतं. मला मात्र आजही त्या मुलांच्या मागे बसलेल्या वादकांकडे बघावंसं वाटतं, कारण अर्धी किमया तिथे घडत होती.

प्रत्येक गाणाऱ्याची एक पट्टी असते, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर बसतो ते. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, बायका आणि लहान मुलं काळी चार-पाचच्या आसपास. एखाद्या गायकाने काळी एकमध्ये गायलेलं गाणं दहा वर्षांच्या मुलीला द्यायचं, तर सगळंच्या सगळं गाणं उचलून वर न्यावं लागतं. कीबोर्डवाल्याचं काम एका बटणावर भागतं. बासरीवाल्याचं तसं नाही. बासरीची पट्टी तिच्या लांबीत असते, म्हणून अमर ओक यांच्यासारखा वादक वेगवेगळ्या लांबीच्या बासऱ्यांचा संच शेजारी ठेवूनच बसतो. तबलजीची गत आणखी अवघड. गट्ट्यांवर हातोडी मारून तबला थोडाफार चढवता-उतरवता येतो, पण फार ताणला तर त्याचा नाद कोरडा होतो. मग दुसऱ्या पट्टीचा तबला पुढे ओढायचा. एका भागात पाच-सहा मुलं, प्रत्येकाची पट्टी निराळी, आणि पडद्यावर बघणाऱ्याला या धावपळीचा पत्ताही नाही. संगीत संयोजक कमलेश भडकमकर आणि त्यांच्या वादकांनी महिनोन्‌महिने हे सांभाळलं.

आणि तो वरचा सा? काळी चारच्या पट्टीत मधला सा म्हणजे सेकंदाला साधारण २०८ कंपनं. वरचा सा त्याच्या बरोबर दुप्पट, सुमारे ४१५. दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यातले स्वरतंतू जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतात. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या त्या दोन पडद्या एका सेकंदात चारशेहून जास्त वेळा उघडतात आणि मिटतात. त्या आकड्यात पाच-सहाचा फरक पडला तरी तयार कानाला तो खटकतो. याहून थक्क करणारी गोष्ट अशी की सूर कानाला ऐकू येण्याआधीच गळा तिथे पोचलेला असतो. आवाज फुटण्यापूर्वीच्या त्या क्षणात मेंदू स्नायूंना किती ताण द्यायचा ते ठरवून मोकळा झालेला असतो. पेटीवर बोट ठेवायला निदान पट्टी दिसते तरी. गळ्यात काहीच दिसत नाही. नुसत्या आठवणीवर नेम धरायचा असतो, तोही शेकडो दिव्यांखाली, मोठमोठ्या कलाकारांसमोर, वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी.

मुलांच्या बाबतीत तर निसर्ग मध्येच सगळा डाव मोडतो. तेरा-चौदाव्या वर्षी स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच. ज्या गळ्याने घराघरांत नाव कमावलं तो गळा मुलाकडे उरतच नाही. नवा आवाज आला की नवी पट्टी शोधायची आणि नेम धरायला नव्याने शिकायचं. प्रथमेश आणि रोहित या वळणावरून गेले आणि गात राहिले. रोहित पुढे 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला. २०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स'चं नवं पर्व आलं, तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांवर हीच पाच मुलं बसली होती.

आता जरा स्वीडनला जाऊ. तिथेही टीव्हीवर गाण्याची स्पर्धा होते आणि तिचं वेड आपल्याहून काकणभर जास्तच आहे. मेलोडीफेस्टिवालेन हे तिचं नाव. १९५० च्या दशकाच्या अखेरीला ती सुरू झाली. तिथली सार्वजनिक दूरचित्रवाणी ती भरवते आणि जिंकणारं गाणं युरोपभरच्या युरोव्हिजन स्पर्धेत देशाच्या नावाने उतरतं. फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत दर शनिवारी निराळ्या शहरात फेरी होते, अंतिम फेरी स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्नाच्या प्रचंड स्टेडियममध्ये. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, आणि अंतिम फेरी बघणारे तीसेक लाख.

पण तिचा मूळ नियम आपल्या नियमाच्या नेमका उलटा आहे. आपल्याकडे स्पर्धा गळ्याची असते, तिथे गाण्याची. गाणं कोरं हवं, आधी कुठेही प्रसिद्ध न झालेलं. लांबी जास्तीत जास्त तीन मिनिटं. मंचावर आठपेक्षा जास्त माणसं नकोत. दरवर्षी हजारो गाणी येतात आणि त्यांतून जेमतेम तीस मंचावर पोचतात. आपल्याकडे गाणी जुनी आणि वादक समोर जिवंत. तिथे गाणं नवंकोरं, वाद्यसंगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं, आणि मुख्य गायकाचा गळा तेवढा त्या क्षणी खराखुरा गाणारा.

मतदानाची त्यांची रीत मला फार आवडते. मोबाइलच्या ॲपवर गाणं चालू असतानाच हृदयाच्या चिन्हावर टिचकी मारायची. २०१९ पासून ही मतं वयोगटांनुसार वेगळी मोजतात: तीन ते नऊ वर्षांच्या पोरांचा एक गट, मग पुढचे गट, शेवटी पंचाहत्तरीच्या वरच्यांचा. प्रत्येक गटाच्या शब्दाला सारखंच वजन. अंतिम फेरीत निम्मे गुण परदेशी परीक्षकांचे आणि निम्मे या जनतेचे. आपल्याकडे एसएमएसच्या काळात ज्याच्या गावात जास्त उत्साह त्याचं पारडं जड व्हायचं. तिथे बालवाडीतलं पोर आणि त्याची पणजी एकाच तराजूत बसतात.

गाण्याची स्पर्धा म्हणजे काय, हे लॉरीन या गायिकेच्या गोष्टीतून लख्ख कळतं. २०११ मध्ये ती या स्पर्धेत उतरली आणि अंतिम फेरी गाठण्याआधीच बाहेर पडली. पुढच्या वर्षी 'युफोरिया' घेऊन आली, स्वीडन जिंकलं आणि युरोपही जिंकला. २०२३ मध्ये 'टॅटू' घेऊन चौथ्यांदा आली आणि पुन्हा दोन्ही जिंकली. युरोव्हिजन दोनदा जिंकणारी ती पहिली स्त्री. २०११ ते २०१२ या एका वर्षात तिचा गळा काही बदलला नव्हता, बदललं होतं गाणं. अॅबा या स्वीडिश गटाचंही तेच. १९७३ मध्ये त्या चौघांचं 'रिंग रिंग' तिसरं आलं. घरी जाऊन त्यांनी 'वॉटर्लू' लिहिलं, १९७४ च्या फेब्रुवारीत स्वीडनमध्ये जिंकले, ६ एप्रिलला इंग्लंडमधल्या ब्रायटनला जिंकले, आणि पुढचं जग जाणतं. हरलेल्याला ही स्पर्धा सांगते: पुढच्या वर्षी नवीन गाणं घेऊन ये.

आपल्या मुलांना हे कधीच कुणी सांगत नाही, आणि माझी सगळी तळमळ एवढ्यासाठीच आहे. जुनी गाणी मुलांनी गाऊच नयेत, असं मी म्हणत नाही. नाट्यपदं आणि अभंग २००९ साली पुन्हा दिवाणखान्यात आले ते याच पाच मुलांमुळे, ते उपकार मोठेच. पण त्या मंचावर जे जे गायलं गेलं ते कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा लिहिलं होतं, चाल लावून पहिल्यांदा ऐकवलं होतं, आणि ऐकणाऱ्यांना ते ओळखीचं नव्हतं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, दर आठवड्याला एक नवं गाणं. वर्षाहून थोड्या जास्त काळात छप्पन्न झाली. घड्याळाच्या काट्यावर जन्मलेली ती गाणी आज सत्तर वर्षं टिकून आहेत. खुद्द 'लिटिल चॅम्प्स'चे दोन्ही परीक्षक घरोघरी पोचले ते एका नव्या गाण्यामुळेच. 'ऐका दाजीबा'ची चाल अवधूत गुप्ते यांची आणि आवाज वैशाली सामंत यांचा.

नवं गाणं रचून समोरासमोर भिडायची रग आपल्यात नाही, असं कुणी म्हणेल तर त्याने एकदा अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला कोकणी माणसांची डबलबारी भजनं ऐकावीत. दोन बुवा समोरासमोर. प्रत्येकाची पेटी, पखवाज, झांजा आणि मागे साथ उचलणारी कोरस मंडळी. रूपावली होते, अभंग होतो, गौळण होते आणि मग गजर. पहिल्या बुवाने टाकलेला टोमणा दुसऱ्याने आपल्या बारीत नव्या ओळी रचून परतवायचा, तोही चालीत आणि तालात. ऐकणारे रात्र सरली तरी हलत नाहीत.

आणि चिखलोलीपासून पुढे बदलापूरपर्यंतच्या गावांतल्या आगरी हळदी? लग्नाचा हंगाम आला की आगरी बोलीतली नवी गाणी येतात, मोबाइलवरून पसरतात आणि पुढच्या मांडवात सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या मागे धवलारिणींच्या धवल्यांची जुनी परंपरा आहे. लग्नाचे विधी स्वतः गाऊन पार पाडणाऱ्या या बाया. या बोलीतल्या गाण्याला टीव्हीच्या मोठ्या मंचावर बोलावलंच, तर करमणुकीचा एक तुकडा म्हणून बोलावतात, स्पर्धक म्हणून नाही.

इथे स्वीडनचं २०२५ साल आठवतं. ८ मार्चच्या अंतिम फेरीत मोन्स सेल्मरलेव्ह हा २०१५ चा युरोव्हिजन विजेता मैदानात होता. त्याला हरवलं ते 'काय' (KAJ) नावाच्या तिघांच्या गटाने. हे तिघे तर स्वीडनचेसुद्धा नाहीत. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारा पाचेक टक्क्यांचा समाज आहे, त्यातल्या व्होरो नावाच्या छोट्याशा गावाकडचे. त्यांचं गाणं सौनाबद्दल, म्हणजे लाकडी खोलीत घाम काढायच्या बाष्पस्नानाबद्दल, आणि तेही आपल्या गावच्या बोलीत. युरोव्हिजनला स्वीडनने १९९८ नंतर स्वीडिश भाषेतलं गाणं पाठवलंच नव्हतं, सगळी इंग्रजी. सत्तावीस वर्षांनी ती रांग मोडली ती या खेड्याच्या बोलीने. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला झालेल्या युरोव्हिजनमध्ये ते गाणं सगळ्या युरोपात चौथं आलं.

म्हणून अंबरनाथ पूर्वेच्या मंडळांना माझी विनंती आहे. येत्या गणेशोत्सवात गाण्याच्या स्पर्धेची एक संध्याकाळ नव्या गाण्यांसाठी राखून ठेवा. तीन मिनिटांची मर्यादा घाला. गाणं आधी कुठे वाजलेलं नसावं, एवढीच अट. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, अहिराणी, जी बोली घरात असेल ती चालेल. लिहिणाऱ्याचं आणि चाल लावणाऱ्याचं नाव गाणाऱ्याच्या आधी पुकारा. पहिल्या रांगेत बसलेल्या पोरांची मतं वेगळी मोजा आणि आजी-आजोबांच्या मतांइतकीच धरा. खर्च फारसा नाही, मांडव आणि माइक तुमच्याकडे आहेतच. आणि ज्याचं गाणं हरेल त्याला तिथल्या तिथे पुढच्या वर्षीचं आमंत्रण द्या.