त्याच दारी, पुन्हा

दहा साधे शब्द वाचून दाखवायचे आणि किती आठवतात ते विचारायचे. मध्ये दुसरे प्रश्न घ्यायचे आणि मग तेच शब्द पुन्हा विचारायचे. ‘लासी’ या भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासात अशी स्मरणचाचणी आहे. समजा, साठीच्या बाईंना पाच शब्द आठवले आणि ऐंशीच्या आजींना तीनच. म्हणजे वीस वर्षांत स्मरणशक्ती तेवढी ओसरते का? तसे म्हणणे घाईचे ठरेल. आजींच्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी शाळेचे तोंडच पाहिले नव्हते. शिवाय ऐंशी गाठणारे मुळातच काटक असतात. वाटेत गेलेले मोजणीत येत नाहीत. वयाचा परिणाम कोणता आणि पिढीचा कोणता, हे एका भेटीत उलगडत नाही. त्याच माणसाच्या दारी काही वर्षांनी पुन्हा जावे लागते.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९९२मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी अशी पाहणी सुरू केली. आरोग्य, नोकरी, निवृत्तिवेतन, मुलाबाळांचा आधार हे सारे दर दोन वर्षांनी विचारायचे आणि उत्तरदात्यांची ओळख पुसून माहिती संशोधकांना खुली करायची, अशी तिची रीत. पुढे इंग्लंड, युरोप, कोरिया, जपान, चीन यांनी याच धर्तीवर पाहण्या उभारल्या. प्रश्न जुळते ठेवल्यामुळे देशादेशांची तुलना शक्य झाली.

भारताची पाहणी मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साथीने उभी केली. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. वय ४५च्या पुढचे. जोडीदाराला मात्र वयाची अट नाही. प्रश्नांबरोबर रक्तदाब, हाताची पकड, चालण्याचा वेग, फुप्फुसांची क्षमता मोजली. बोटाला टोचून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून जपले.

यातूनच साठीपुढच्या सुमारे चार हजार जणांची स्मृतिभ्रंशासाठी सखोल तपासणी झाली. निरक्षर माणसाला वाचता-लिहिता येत नाही म्हणून तो आजारी ठरू नये, यासाठी चाचण्या बेतल्या, घरच्यांनाही विचारले. त्यावरून २०२३मध्ये अंदाज निघाला : साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात अधिक.

अशी माहिती खुली करताना नाव-पत्ता काढला की काम भागते, असे नाही. लहान गावात पंच्याण्णव वर्षांच्या, पाच लेकी असलेल्या आजी एकच असू शकतात. म्हणून गावाचा माग लागेल असे तपशीलही झाकावे लागतात. संशोधकाकडून वापराच्या अटी मान्य करून घ्याव्या लागतात. हा विश्वास तुटला, तर पुढच्या फेरीत दार उघडणार नाही, आणि दुसऱ्या फेरीशिवाय पहिलीचे मोल निम्मे.

पण माहिती कुलपात ठेवणे हाही त्या माणसांवर अन्यायच. कुणी दुखणी सांगितली, कुणी बोट पुढे केले; तो वेळ एका चमूच्या शोधनिबंधांपुरता नव्हता. लासीचे नमुने राज्यवार निष्कर्ष काढता येतील असे निवडले आहेत आणि ही माहिती अर्ज करणाऱ्या संशोधकाला मिळते. कोल्हापूरच्या विद्यार्थिनीलाही महाराष्ट्रातल्या वृद्धांची केरळशी तुलना करता येईल, आधीचे निष्कर्ष चुकले असल्यास दाखवून देता येईल. आपल्या विद्यापीठांतून असे अर्ज अधिक जायला हवेत.