सूची हरवली की ग्रंथही हरवतो

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. फडताळांतील एकही ग्रंथ जागचा हलला नाही, तरीही सुमारे १७ कोटी वस्तूंचा हा संग्रह कित्येक आठवडे अभ्यासकांना जवळजवळ दुरावला. कोणती वस्तू कोठे आहे हे सांगणारी ऑनलाइन सूचीच बंद पडली होती. ‘रायसिडा’ या टोळीने २० बिटकॉइनची खंडणी मागितली. ग्रंथालयाने ती दिली नाही, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या खासगी तपशिलांसह सुमारे ६०० जीबी माहिती डार्क वेबवर उघडी पडली. मुख्य सूची पुन्हा पाहता येऊ लागली ती १५ जानेवारी २०२४ रोजी. मार्चमध्ये ग्रंथालयाने आपल्या जुनाट यंत्रणांतील उणिवा मान्य करणारा अहवाल प्रसिद्ध केला. मोठ्या संस्था असा मोकळेपणा सहसा दाखवत नाहीत.

ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांच्या कामाचे मर्म या घटनेने उघड केले. ते केवळ वस्तू राखत नाहीत, वस्तूपर्यंत पोहोचण्याची वाटही राखतात. आज सर्वाधिक धोका या वाटेलाच आहे, आणि दर वेळी त्यामागे हल्लेखोर असतातच असे नाही.

मराठी ग्रंथांपुरते पाहिले तरी हे ध्यानात येते. अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील मोठ्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची नोंद ठराविक रोमन लिप्यंतराने होत आली आहे. त्या नियमांनुसार ‘ज्ञ’ हा ‘जे’ या अक्षराने सुरू होतो. उलट, मराठी उच्चाराला अनुसरून ‘ज्ञानेश्वरी’ शोधणारा वाचक ‘डी’पासून आरंभ करतो. ग्रंथ तेथे असतो, पण वाचकाला तो नाही असेच दिसते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे संगणकाला कोणीतरी सांगावे लागते. नावांची ही सांगड घालणारा सूचीकार बहुधा कोणाच्या नजरेस येत नाही, आणि खर्चकपातीच्या वेळी असेच काम आधी अनावश्यक ठरते.

अभिलेखागारांतील अडचण याहून खोल आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद बव्हंशी मोडी लिपीत आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. उरलेला साठा अफाट आहे. कागदाचे छायाचित्र घेणे हे तुलनेने सोपे काम. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, त्यामुळे तिचा मजकूर संगणकावर मोडीतच साठवता येतो. मात्र या लिपीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते. शिवाय अक्षर लागले म्हणजे अर्थ लागला असे नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे शब्द यंत्राने अचूक वाचले, तरी ते ११६१ हे सुहूर सनाचे वर्ष आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. हा सन मृग नक्षत्राला बदलतो. म्हणून त्या वर्षातील ऑगस्टच्या पत्राला ५९९ मिळवून १७६० साल येते, तर जानेवारीच्या पत्राला ६०० मिळवून १७६१, म्हणजे पानिपतचा महिना. ही बेरीज चुकली तर पत्र भलत्याच वर्षात नोंदले जाते, आणि एकदा डिजिटल सूचीत शिरलेली चूक नकलांबरोबर सर्वत्र पसरते.

आश्चर्य असे की अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद जाणकाराला आजही वाचता येतो, पण पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी संगणकीय फाइल पुष्कळदा वाचता येत नाही. युनिकोड रूढ होण्याआधी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकित होत असे. प्रत्येकाचा अक्षरसंकेत वेगळा असे. तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ उमटतो. कित्येक नियतकालिकांचे आणि संस्थांचे दस्तऐवज आज याच अवस्थेत आहेत. मोडीचे जाणकार घडवणारे वर्ग तरी भरतात. या फाँटांचे जाणकार घडवण्याचा विचार क्वचितच कोणी करतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आणखी एका कामाची भर घातली आहे. चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वातच नसलेले संदर्भ घेऊन वाचक ग्रंथालयात येतात, आणि असे पुस्तक कधी निघालेच नाही हे सिद्ध करण्यात ग्रंथपालाचा वेळ जातो. जोडीला कायद्याचेही भान हवे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या ग्रंथांवर स्वामित्वहक्क राहतो, पण पत्रांत उल्लेख असलेल्या हयात व्यक्तींच्या खासगीपणाचा प्रश्न त्या मुदतीने सुटत नाही. एकाच माणसाकडून लिपी, कालगणना, संगणक-सुरक्षा आणि कायदा या साऱ्याची अपेक्षा करणे अवाजवी आहे. तरीही नोकरीच्या जाहिराती नेमक्या अशाच माणसाच्या शोधात असतात.

परदेशांतील महाराष्ट्र मंडळांजवळही स्मरणिका, इतिवृत्ते आणि नाट्यप्रयोगांच्या ध्वनिचित्रफिती आहेत, बहुधा एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या तळघरात. असा खोका अभिलेखपालाच्या हाती आला की त्याचे पहिले प्रश्न साधे असतात: हे कोणाकडे होते, केव्हापासून, आणि फाइल कोणत्या फाँटात आहे? यांची उत्तरे ठाऊक असणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. खोक्यावर तेवढी एक चिठ्ठी लिहून घेण्यास स्कॅनरही लागत नाही.