उघड्या होडीत काय न्यावे?

होडी उघडी असली की सामानाची निवड कठोरपणे करावी लागते. माझी शिडाची होडी 16 फुटांची. तिला छप्पर नाही, कोरडा कोपरा नाही. म्हणून प्रत्येक वस्तू आत घेताना मी एकच प्रश्न विचारतो : ही भिजली, तर पुढे काय?

हा प्रश्न मला डिसेंबरातल्या एका पहाटेने शिकवला. थळहून खांदेरीकडे निघालो आणि धुके उतरले. फोनमध्ये पाणी शिरून तो बंद पडला. होकायंत्र होते, पण त्याच्या शेजारी मीच लोखंडी नांगर ठेवला होता आणि त्यामुळे सुई ढळली होती. दिशेत 1 अंशाची चूक झाली, तर 60 मैलांवर होडी सुमारे 1 मैल भरकटते; 10 अंशांची चूक 3 मैलांतच अर्धा मैल भोवते. उंदेरीच्या खडकांवर लाटा फुटल्याचा आवाज भलत्याच बाजूने आला. बरोबरचे वृद्ध तांडेल शांतपणे म्हणाले, "दादा, आधी नांगर टाका. विचार मग करू." धुके विरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

तेव्हापासून क्रम ठरला. पहिला नांगर, आणि त्याचा दोर खोलीच्या निदान 5 पट. कारण ओढ आडवी असली तरच नांगर तळात रुततो. मग होकायंत्र : पक्के बसवलेले, लोखंडापासून आणि फोनपासूनही लांब. जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, पण फोनमधला नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागतो. तरीही डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा कागदी नकाशा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत नेतोच.

मदत मागायला व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल 16. त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेतच जातात. पाण्यालगत बसलेल्या माणसाची हाक त्यामुळे फार दूर पोचत नाही. लांबच्या सफरीला 406 मेगाहर्ट्झचा संकटसूचक हवा. त्याचा संदेश उपग्रह टिपतात.

लाइफ जॅकेट फळीखाली नको, अंगातच हवे. रेडिओ, शिट्टी, विजेरीही त्यालाच बांधलेली. कारण माणूस पाण्यात पडला की वाऱ्यावरची होडी सामानासकट पुढे निघून जाते.

सर्वांत स्वस्त साधन मात्र किनाऱ्यावरच ठेवून जायचे. कुठे जातो, केव्हा परतणार, हे लिहिलेली चिठ्ठी मी पत्नीजवळ देतो. खाली तटरक्षक दलाचा क्रमांक असतो : 1554.