दूरचित्रवाणीची पेटी केव्हां बदलावी?

आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे. दूरचित्रवाणीच्या संचाशेजारीं ठेवलेली काळी पेटी, जिला आपण सर्वजण सेट-टॉप बॉक्स म्हणतों, ती जुनी झाली म्हणून बदलावी कीं आहे तीच चालवावी, एवढाच प्रश्न. परंतु तो आज अनेक घरांत उभा आहे. कंपनीच्या कचेरींतून दूरध्वनि येतो, "आपली पेटी फार जुनी आहे, नवी घ्या, चित्र सुंदर दिसेल." घरांतील तरुण मंडळी म्हणतात, घेऊन टाका, आजोबा म्हणतात, चालतें आहे तें कशाला मोडतां? दोन्ही पक्षांचें म्हणणें प्रसंगीं खरें असूं शकतें. मात्र त्याचा निकाल पेटीच्या वयावरून लागत नाहीं, तिच्या कामावरून लागतो. म्हणून प्रथम तें काम समजून घेऊं.

मुंबईंत दूरचित्रवाणीचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं गच्चीवरील अँटेना आणि खालचा संच यांच्यामध्यें पेटी नव्हती. आलेली लहर संच स्वतःच चित्रांत उतरवीत असे. पुढें केबलचें जाळें पसरलें. सन २०११ मध्यें केबल दूरचित्रवाणीच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन जुनी ॲनलॉग पद्धति टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचें ठरलें. मुंबईसह चार महानगरांस ३१ ऑक्टोबर २०१२, पुणें, नागपूर, नाशिक, सोलापूर धरून अडतीस शहरांस ३१ मार्च २०१३, आणि अखेरच्या टप्प्यास ३१ मार्च २०१७, अशा मुदती दिल्या गेल्या. आपल्याकडील पुष्कळशा पेट्या त्याच धामधुमींत घरांत आल्या.

पेटीचीं कामें चार आहेत. तबकडीनें पकडलेल्या अथवा केबलमधून आलेल्या अनेक वाहिन्यांतून आपणांस हवी ती वेगळी काढणें, हें पहिलें. दुसरें काम कुलूप उघडण्याचें. पैसे भरून पाहावयाच्या वाहिन्या सांकेतिक लिपींत येतात आणि वर्गणी भरली असेल तरच पेटीला त्यांची किल्ली मिळते. तिसरें काम घडी उलगडण्याचें. चित्राची सारी माहिती जशीच्या तशी पाठविणें परवडत नाहीं. म्हणून जें बदललें तेवढेंच सांगावयाचें, अशी युक्ति योजतात. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत क्षणोक्षणीं नव्यानें पाठवावी लागत नाहीं. ही घडी मोडून पूर्ण चित्र पुनः उभें करणें पेटीकडे असतें. चौथें काम म्हणजे तें चित्र संचाच्या हवालीं करणें.

या चार कामांवरून ध्यानांत येईल कीं, "पेटी जुनी झाली" या वाक्याचे तीन निरनिराळे अर्थ होतात. एक, ती झिजली आहे. दोन, पाठविणाऱ्याची नवी भाषा तिला समजत नाहीं. तीन, संच जेवढें बारीक चित्र दाखवूं शकतो तेवढें तिला देतां येत नाहीं. ताप, खोकला आणि अशक्तपणा यांना एकच औषध देणारा वैद्य आपण शहाणा समजत नाहीं; तोच न्याय येथें लावावा.

प्रथम झीज पाहूं. चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात, आवाज तुटतो, आणि आपण पेटीला दोष देतों. परंतु तबकडीवर येणारी लहर विषुववृत्तावर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडून येते. ती अवघी दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची असल्यामुळें मुसळधार पाऊस तिला वाटेंतच शोषून घेतो. चित्र केवळ पावसांत जात असेल तर नव्या पेटीनेंहि तें जाईल. कोरड्या हवेंतहि जात असेल तर तबकडी हललेली आहे काय, समोर झाडाची फांदी वाढली आहे काय, तारेचें टोक सैल वा गंजलेलें आहे काय, हें आधीं पाहावें.

पेटी आपोआप बंद होऊन पुनः सुरू होत असेल तर पहिला संशय ॲडॅप्टरवर घ्यावा. तो बदलतांना व्होल्टचा आंकडा तंतोतंत तोच असावा आणि अँपिअरचा आंकडा निदान तेवढा असावा. पेटीच्या आंत कॅपॅसिटर नांवाचे लहान नळीसारखे भाग असतात. उष्णतेनें ते वाळतात. उष्णता दहा अंशांनीं कमी झाली तर त्यांचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, असा ठोकताळा आहे. म्हणून पेटी बंद कपाटांत कोंबूं नये आणि तिच्यावर विणलेला रुमाल घालूं नये. रुमाल शोभिवंत असतो खरा, पण पेटीचा श्वास कोंडतो. इतकें पाहूनहि पेटी वारंवार अडत असेल तर ती झिजली असें समजावें आणि बदलावी.

दुसरा अर्थ भाषेचा. दूरदर्शनची विनावर्गणी उपग्रहसेवा डिसेंबर २००४ मध्यें डीडी डायरेक्ट प्लस या नांवानें सुरू झाली. पुढें तिला डीडी फ्री डिश असें नांव मिळालें. आरंभीं तिच्या वाहिन्या एमपेग-२ या पद्धतीनें येत. नंतर एमपेग-४ पद्धतीच्याहि आल्या. नवी पद्धति तेंच चित्र सुमारें निम्म्या माहितींत पाठविते. परंतु जुन्या पेटीला ती घडी उलगडतां येत नाहीं, आणि तेवढ्या वाहिन्या तिच्यावर दिसत नाहींत. येथें दुरुस्तीचा उपाय चालत नाहीं. ज्या वाहिन्या दिसत नाहींत त्या आपणांस हव्या आहेत काय, एवढेंच ठरवावयाचें असतें. एखाद्या कंपनीनें आपली पद्धति बदलल्याचें कळविलें तर खर्च कोणाचा, पेटी मालकीची कीं भाड्याची, हें लेखी विचारून घ्यावें. दूरध्वनीवर येणाऱ्या अनोळखी मनुष्यास मोबाइलवरील सांकेतिक क्रमांक कदापि सांगूं नये. पेटी खरोखरच बंद पडणार असेल तर तें कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर आपण स्वतः विचारून कळतें.

तिसरा अर्थ चित्राच्या बारकाईचा. विक्रेत्याचा भर बहुधा यावरच असतो. साध्या चित्रांत ७२० उभे आणि ५७६ आडवे स्तंभ धरले तर ४,१४,७२० ठिपके होतात, एच.डी. चित्रांत १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. बरोबर पांचपट! मोठ्या पडद्यावर हा फरक डोळ्यांस स्पष्ट जाणवतो. पण त्यासाठीं चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: संच एच.डी. असावा, वाहिनी एच.डी. असावी, पेटी एच.डी. असावी, आणि दोहोंना जोडणारी तार एच.डी.एम.आय.ची असावी. पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांची जुनी तार लावून ठेवली तर नव्या पेटीचें चित्रहि साधेंच दिसेल. यांतील एक दुवा कच्चा राहिला तर पैसे पाण्यांत गेले. लहान पडदा बारा फुटांवरून पाहणाऱ्या वृद्धांस तर फरक ओळखूंहि येत नाहीं.

आतां हिशेब. पेटीची किंमत एकदांच द्यावयाची असते, वर्गणी दरमहा. समजा, पेटी १,५०० रुपयांची आहे आणि एच.डी. वाहिन्यांमुळें वर्गणी महिन्यास १०० रुपयांनीं वाढते. पांच वर्षांत ही वाढ ६,००० रुपये होते. म्हणून दुकानदारास पेटीच्या किंमतीआधीं वर्गणीचा आंकडा विचारावा. शिवाय एका कंपनीची पेटी दुसरीच्या सेवेला सामान्यतः चालत नाहीं. ती चालावी अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, एप्रिल २०२० मध्यें केली आहे. तरी घेतांना आपण त्या कंपनीशीं बांधले जातों हें विसरूं नये.

विजेचाहि विचार हवा. रिमोटनें बंद केलेली जुनी पेटी पुष्कळदां झोपेचें नुसतें सोंग घेते. आंत ती जागीच असते. समजा, ती सतत १० वॅट वीज खाते. वर्षाकाठीं सुमारें ८८ युनिटें झालीं. ८ रुपये दरानें ७०० रुपये. पण हा खर्च वांचविण्यास नवी पेटी लागत नाहीं. रात्रीं भिंतीवरील बटन बंद केलें कीं झालें. सकाळीं चित्र येण्यास थोडा वेळ लागेल, आणि रात्रीं ध्वनिचित्रमुद्रण लावलेलें असेल तर तें होणार नाहीं.

हल्लीं इंटरनेट असलेल्या पेट्याहि पुढें केल्या जातात. त्यांची सोय नाकारण्याजोगी नाहीं. परंतु साधी पेटी लहरी येतात तोंवर चालते. इंटरनेटची पेटी मात्र तिच्यांतील कार्यक्रम-प्रणाली निर्मात्यानें अद्ययावत् ठेवली तोंवरच पूर्ण उपयोगाची. ती लवकर म्हातारी होते. आपला संचच स्मार्ट असेल तर त्याच सोयीसाठीं दोनदां पैसे कां द्यावे?

शेवटचा मुद्दा माणसांचा. ज्या घरांत आजी दुपारभर एकट्या असतात, तेथें दूरचित्रवाणी ही त्यांची सोबत असते. चष्मा न लावतां अंगठ्यानें कोणतें बटन दाबावें हें त्यांस पाठ झालेलें असतें. नवा रिमोट हातीं आला कीं तें ज्ञान एका दिवसांत निरुपयोगी होतें, आणि "मला जमत नाहीं" असें म्हणून त्या गप्प बसतात. पेटी बदलणें अवश्य असेल तर बदलावी. परंतु आवडत्या वाहिन्या आधीं लावून द्याव्या, क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे आणि आठवडाभर धीरानें शिकवावें. जुन्या पेटींत मुद्रित केलेले कार्यक्रम बहुधा नव्या पेटींत नेतां येत नाहींत. म्हणून ती परत देण्यापूर्वीं ते पाहून घ्यावे. मालकीची पेटी असेल तर ती केराच्या डब्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. त्याविषयींचे सन २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहेत.

तेव्हां श्रोतेहो, निर्णय करण्यापूर्वीं तीन प्रश्न कागदावर लिहा. तार, तबकडी व ॲडॅप्टर निर्दोष असूनहि पेटी अडते काय? आपणांस हवी असलेली एखादी वाहिनी ती दाखवूं शकत नाहीं काय? संच, वाहिनी आणि तार सिद्ध असून केवळ पेटीमुळें चित्र अडलें आहे काय, आणि वाढीव वर्गणी सोसते काय? एकाचें जरी उत्तर होय असें आलें तरी नवी पेटी खुशाल आणा. तिन्हींचीं उत्तरें नाहीं अशीं आलीं तर तिच्यावरचा रुमाल तेवढा काढा आणि ती चालूं द्या.