डोळ्यांपुढील काळे ठिपके : वैद्यकीय तपासणी केव्हा आवश्यक?

निरभ्र आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना बारीक काळे ठिपके, तंतू अथवा जाळीसारखे काही तरंगत असल्याचे अनेकांना जाणवते. नजर वळविली की तेही सरकतात. हे ठिपके बाहेर नसून डोळ्याच्या आतच असतात.

डोळ्यातील भिंगामागची पोकळी एका पारदर्शक, दाट द्रव्याने भरलेली असते. त्यात सुमारे ९८ टक्के पाणी असते. वयोमानानुसार हे द्रव्य पातळ होते, त्यातील सूक्ष्म तंतू एकत्र येतात व त्यांची सावली डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर पडते. तीच ठिपक्यांच्या रूपाने दिसते. जुने, मोजके व न वाढणारे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात.

मात्र हे द्रव्य आकसून दृष्टिपटलापासून सुटत असताना क्वचित पडद्यास ताण बसून तो फाटतो. फटीतून पाणी मागे शिरले, की पडदा आपल्या जागेवरून सुटू लागतो. म्हणूनच ठिपके एकाएकी वाढणे, डोळ्यात विजेसारखे चमकणे, बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटणे किंवा नजर अचानक अंधुक होणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दूरचे पाहण्यासाठी मोठा उणे (मायनस) नंबर असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले व डोळ्यास मार लागलेले यांनी विशेष दक्ष राहावे. मधुमेहात डोळ्याच्या आत रक्तस्राव झाल्यानेही असे ठिपके दिसू शकतात.

या विकारात डोळा सहसा दुखत नाही, लालही होत नाही. त्यामुळेच रुग्ण दिवस ढकलतो. पडदा नुसता फाटलेला असेल, तर बहुधा लेसर किरणांच्या साहाय्याने फटीभोवती तो पक्का करता येतो. तो सुटल्यास मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. मध्यभाग सुटल्यावर तर गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही.

तपासणीसाठी औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास अंधुक दिसते. म्हणून सोबत कोणीतरी असावे व रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. अशी तक्रार कानी आल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी रुग्णास दुकानातील थेंबांवर किंवा पुढील नेत्रशिबिरावर विसंबू न देता, नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात तातडीने पाठवावे. येथे एका दिवसाची दिरंगाईही दृष्टीवर बेतू शकते.